आतल्या कानामुळे येणारी चक्कर: तोलाच्या व्यायामांचा क्रम, मात्रा आणि नेहमीच्या चुका

"सहा आठवडे रोज न चुकता व्यायाम केले, पण फरक नाही," एक बाई सांगत होत्या. मी म्हटलं, करून दाखवा. त्यांनी अक्षर लिहिलेलं कार्ड डोळ्यांसमोर धरलं आणि डोकं सावकाश डावीकडे नेलं. डोळेही कार्ड सोडून डोक्याबरोबर डावीकडे गेले. मग तसंच उजवीकडे. प्रत्येक फेरीनंतर त्या डोळे मिटून क्षणभर थांबत होत्या. दहा फेऱ्या झाल्या आणि कार्ड खाली ठेवलं. "चक्कर येऊ नये म्हणून हळू करते," त्या म्हणाल्या. त्यांचं घोडं नेमकं तिथंच अडलं होतं.

तोलाच्या व्यायामात थोडी चक्कर यावीच लागते. डोकं हलताना समोरचं चित्र किंचित घसरलं, की आतल्या कानाकडून येणारी माहिती कमी पडतेय हे मेंदूला कळतं आणि तो आपला हिशेब दुरुस्त करायला घेतो. चूक दिसलीच नाही तर दुरुस्ती कशाची करणार? पण चक्कर एवढी आणली की दिवसभर मळमळत राहिलं, तर माणूस दुसऱ्या दिवशी व्यायामच सोडून देतो. सगळा खेळ मात्रेचा आहे. ती कशी ठरवायची आणि कशाच्या आधी काय उरकून घ्यायचं, ते इथे क्रमाने लिहिलं आहे. क्रम बदलू नका.

## आधी हे बघा: व्यायाम नको, दवाखाना हवा

चक्करेबरोबर खालीलपैकी काहीही असेल तर व्यायामाचा विचारही करू नका, तातडीने रुग्णालय गाठा:

- बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, हातापायात शक्ती न राहणं किंवा बधिरपणा
- एकाची दोन दिसणं, गिळायला त्रास
- पूर्वी कधी झाली नव्हती अशी अचानक, तीव्र डोकेदुखी किंवा मानदुखी
- आधाराशिवाय उभंच राहता न येणं
- शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, धडधड
- एका कानाने अचानक ऐकू येईनासं होणं

शेवटचा मुद्दा लोक हमखास टाळतात. "कानात मळ असेल" म्हणून आठवडा जातो. अचानक आलेल्या बहिरेपणावरचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर ऐकू येणं परत येण्याची शक्यता जास्त असते. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

## टप्पा १: चक्कर कुठल्या जातीची, ते नक्की करा

"चक्कर येते" एवढ्या दोन शब्दांवर व्यायाम ठरत नाही. डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं लिहून न्या: एक झटका किती वेळ टिकतो, आणि तो कशाने सुरू होतो? या दोन उत्तरांवरच निम्मं निदान होतं.

कूस बदलताना, झोपताना-उठताना किंवा वर बघताना एक मिनिटाच्या आत ओसरणारी गरगर: बहुधा बीपीपीव्ही, म्हणजे आतल्या कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरलेले असतात. बोलीभाषेत "कानातले खडे सरकले".

अचानक सुरू होऊन दिवसच्या दिवस न थांबणारी गरगर, मग कित्येक आठवडे डोकं हलवलं की अस्थिर वाटणं: तोलाच्या नसेला सूज, व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस. या लेखातल्या व्यायामांचा सर्वाधिक फायदा या लोकांना होतो.

२० मिनिटं ते १२ तास टिकणारे झटके, त्याबरोबर कानात दडे, आवाज, ऐकू येणं कमी-जास्त होणं: मेनिएर्सचा आजार.

५ मिनिटं ते ७२ तासांपर्यंतचे झटके, अर्धशिशीचा इतिहास, उजेड आणि आवाज सहन न होणं: व्हेस्टिब्युलर मायग्रेन.

तीन महिन्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज डुलल्यासारखं वाटणं, उभं राहिलं, हललं किंवा गर्दीच्या दृश्याकडे बघितलं की वाढणं: पीपीपीडी हा विकार. कानाची तपासणी यात बऱ्याचदा ठीक येते. म्हणून "सगळं मनाचं आहे" असं ऐकून घेतलेले रुग्ण खूप भेटतात. ते खरं नाही. तोल सांभाळण्याची मेंदूची पद्धत बिघडलेली असते आणि तिच्यावर काम करता येतं.

गरगर नाही, पण चालताना समोरचं जग हलतं, अंधारात पाय टाकता येत नाही: दोन्ही कान कमजोर झालेले असू शकतात. जेंटामायसिनसारख्या इंजेक्शनांनंतर असं होऊ शकतं, तेव्हा पूर्वी घेतलेल्या औषधांची यादी बरोबर न्या.

फक्त उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी: आधी झोपून आणि उभं राहून रक्तदाब मोजून घ्या. हे कानाचं दुखणं नसण्याचीच शक्यता अधिक.

> तपासा: एकाच माणसाला यातल्या दोन गोष्टी असू शकतात. न्यूरायटिसनंतर खडे सरकणं नवीन नाही. "सगळा दिवस अस्थिर वाटतं, शिवाय कूस बदलली की गरगरतं" असं असेल तर दोन्ही गोष्टी डॉक्टरांना वेगवेगळ्या सांगा.

## टप्पा २: खडे सरकले असतील तर आधी ते जागेवर घाला

सगळ्यात वाया जाणारी मेहनत इथली. नलिकेत खडे तसेच ठेवून लोक महिनोन् महिने नजरेचे आणि तोलाचे व्यायाम करतात. खडे हे यांत्रिक दुखणं आहे. डोकं ठराविक क्रमाने फिरवून ते बाहेर काढावे लागतात आणि बऱ्याचदा एक-दोन खेपांत काम होतं.

बहुतेक रुग्णांत खडे मागच्या नलिकेत अडकलेले असतात. तिच्यासाठी एपली ही पद्धत वापरतात. पहिली खेप डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडूनच करून घ्या, कारण कोणता कान आणि कोणती नलिका हे डोळ्यांची थरथर बघून ठरतं. नंतर पुन्हा त्रास झाला आणि घरी करायला सांगितलं असेल, तर उजव्या कानासाठी क्रम असा:

१. पलंगावर पाय लांब करून बसा. आडवं झाल्यावर खांद्यांखाली येईल अशा बेताने मागे उशी ठेवा. मान उजवीकडे ४५ अंश वळवा.

२. मान तशीच ठेवून झटकन मागे झोपा. डोकं उशीच्या पलीकडे किंचित खाली झुकलं पाहिजे. गरगर सुरू होईल. डोळे उघडे ठेवा. गरगर थांबल्यावरही ३० सेकंद थांबा.

३. डोकं न उचलता ९० अंश डावीकडे वळवा. ३० सेकंद.

४. आता अख्खं शरीर डाव्या कुशीवर वळवा, नाक जमिनीकडे रोखलेलं. ३० सेकंद.

५. हनुवटी छातीकडे ठेवून त्याच बाजूने हळूहळू उठून बसा. एक-दोन मिनिटं पलंगाची कड सोडू नका.

डाव्या कानासाठी सगळं उलट.

चुका ठरलेल्या आहेत. तिसऱ्या पायरीवर डोकं उचलून मग वळवणं, ही सगळ्यात मोठी. खडे ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत जातात. दुसरी, गरगरायला लागल्यावर घाबरून मधेच उठून बसणं. तिसरी, चौथ्या पायरीवर तोंड छताकडेच राहणं. आणि चौथी, कान कोणता हे आठवत नाही म्हणून दोन्ही बाजूंना करून बघणं.

नंतर दोन-तीन रात्री बसून झोपायची गरज नाही. एकेकाळी तसं सांगत असत, पण त्याने विशेष फायदा होत नाही. गरगर गेल्यावरही काही दिवस डोकं हलकं किंवा जड वाटू शकतं, त्याची काळजी करू नका. दोन-तीन दिवस करूनही कूस बदलल्यावर गरगरत असेल तर नलिका दुसरी असू शकते आणि तिची पद्धत वेगळी आहे. तीच पद्धत जोर लावून करत बसण्यात अर्थ नाही.

> सावध: मानेच्या मणक्यांचा गंभीर त्रास, संधिवातामुळे मान अस्थिर असणं, डोळ्याचा पडदा सरकलेला असणं किंवा डोळ्याची नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असणं, यांपैकी काही असेल तर घरी करू नका. मान न ताणता करायच्या पद्धती आहेत, त्या तज्ज्ञांकडून करून घ्या.

## टप्पा ३: तयारी

गोळ्या. मेक्लिझीन, सिनारिझीन, प्रोक्लोरपेराझीन, डायझेपाम यांसारखी औषधं चक्कर दाबतात. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या तीव्र गरगरीत त्यांचा आधार वाटतो. पुढे महिनोन् महिने चालू राहिली तर मेंदूपर्यंत "चूक होतेय" हा निरोपच पोचत नाही आणि बरं होणं लांबतं. सहा-सहा महिने त्याच चिठ्ठीवर गोळ्या घेत राहिलेले लोक बघितले की वाईट वाटतं, कारण त्यांना कुणी "आता बंद करा" असं सांगितलेलंच नसतं. मात्र मनाने बंद करू नका, डायझेपामच्या गटातली तर अजिबात नाही. डॉक्टरांना थेट विचारा: "मी व्यायाम सुरू करतोय, यातली कोणती गोळी कधी थांबवायची?"

जागा. खोलीचा कोपरा निवडा. पाठीमागे दोन भिंती, समोर पाठ असलेली भक्कम खुर्ची. तोल गेला तर तीन बाजूंना आधार मिळतो. पायात मोजे नकोत, सतरंजी बाजूला करा.

अक्षर. पांढऱ्या कार्डावर काळ्या शाईत एकच अक्षर, बोटाच्या पेरापेक्षा मोठं नको. भलंमोठं अक्षर पुसट झालं तरी ओळखता येतं, मग चूक लक्षात येत नाही.

चष्मा. एरवी वापरता तोच घाला. दोन नंबरांची किंवा प्रोग्रेसिव्ह काच असेल तर डोकं वर-खाली करताना नजर काचेच्या दुसऱ्या भागात जाते आणि अक्षर त्यामुळेच पुसटतं. अशा वेळी एकाच नंबरचा चष्मा बरा.

वही. व्यायामाआधी चक्कर ० ते १० मध्ये किती, संपल्यावर किती, पूर्ववत व्हायला किती मिनिटं लागली. तीन आकडे. बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल, हे तीन हवेत.

### मात्रेचा नियम

व्यायामाने आकडा २ ते ३ ने वाढावा आणि साधारण १५–२० मिनिटांत मूळ जागी यावा. आकडा हललाच नाही तर व्यायाम सोपा पडतोय. तासभर उलटूनही उतरला नाही, तर वेग किंवा वेळ निम्मा करा, पण व्यायाम बंद करू नका.

## टप्पा ४: नजर स्थिर करणं

हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात चुकीचा केला जाणारा व्यायाम. आधी एक गंमत करून बघा. डोकं स्थिर ठेवून एक बोट डोळ्यांसमोर भराभर डावी-उजवीकडे हलवा: बोट पुसट होतं. आता बोट स्थिर ठेवा आणि तेवढ्याच वेगाने डोकं हलवा: निरोगी माणसाला बोट स्वच्छ दिसतं. पहिल्या वेळी डोळे बोटाच्या मागे धावतात आणि त्यांना सेकंदाचा सुमारे दहावा भाग उशीर होतो. दुसऱ्या वेळी आतला कान डोळ्यांना थेट आज्ञा देतो, तिला सेकंदाचा जेमतेम शंभरावा भाग लागतो.

म्हणूनच वेग महत्त्वाचा. डोकं हळू हलवलं तर डोळे नुसते पाठलाग करून काम भागवतात, कानाला कामच लागत नाही. त्या बाईंचे सहा आठवडे असेच गेले होते.

कृती:

१. खुर्चीत ताठ बसा. कार्ड भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर चिकटवा. हातात धरू नका, हात नकळत हलतो.

२. नजर अक्षरावर रोखा. डोकं उजवीकडे-डावीकडे, दोन्ही बाजूंना साधारण २० अंश. छोटी, चपळ हालचाल, जणू कुणाला ठाम "नाही" म्हणताय.

३. अक्षर पुसटायला लागेपर्यंत वेग वाढवा, मग किंचित कमी करा. हा तुमचा आजचा वेग. अक्षर स्वच्छ, पण काठावर.

४. ३० सेकंद करा. थांबा, चक्कर बसू द्या. मग "हो" म्हणताना हलवतो तसं वर-खाली ३० सेकंद.

५. काही दिवसांत एक मिनिट, पुढे दोन मिनिटांपर्यंत न्या.

मोबाईलवरच्या मेट्रोनोमची, म्हणजे ठरलेल्या वेगाने ठोके देणाऱ्या ॲपची, मदत घ्या. एका ठोक्याला एक बाजू. सुरुवात मिनिटाला ६० ते ८० ठोक्यांनी, मग दर दोन-तीन दिवसांनी पाच-दहाने वाढवत १२० वर. तिथे थांबू नका. चालताना डोकं सेकंदाला साधारण दोनदा वर-खाली होतं, त्या वेगाला अक्षर स्थिर दिसलं तरच रस्त्यावर पाटी वाचता येईल.

दिवसाला किती? अमेरिकेतल्या फिजिओथेरपी संघटनेने २०२२ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार: दुखणं नवीन असेल तर दिवसातून किमान तीनदा मिळून १२ मिनिटं. जुनं असेल तर तीन ते पाच वेळा मिळून किमान २० मिनिटं, ४ ते ६ आठवडे. दोन्ही कान कमजोर असतील तर २० ते ४० मिनिटं, ५ ते ७ आठवडे. सकाळी एकदाच २० मिनिटं करून मोकळं होणं चालत नाही, दिवसभरात विभागलं पाहिजे.

चढती भाजणी. एका वेळी एकच गोष्ट अवघड करा:

- बसून, मग उभं राहून, मग पाय जुळवून
- कार्ड हातभर अंतरावर, मग तीन मीटरवर
- मागे कोरी भिंत, मग नक्षीचा पडदा किंवा पुस्तकांचं कपाट
- जागेवर, मग अक्षराकडे चालत जाऊन
- शेवटी कार्ड हातात घेऊन डोक्याच्या उलट दिशेला हलवत: डोकं उजवीकडे, कार्ड डावीकडे, नजर अक्षरावरच

शेवटची पायरी घाईने घेतली जाते. आधीच्या चारही पायऱ्यांवर आकडा २ च्या वर जात नसेल तेव्हाच तिच्याकडे वळा.

> तपासा: मोबाईलच्या कॅमेऱ्याने स्वतःचा चेहरा टिपा. डोळे अक्षरावर खिळलेले आहेत का? दर फेरीला पापण्या मिटतायत का? डोक्याबरोबर खांदेही वळतायत का? घाबरलेला माणूस मान आणि धड एकत्र ठोकळ्यासारखं फिरवतो, त्याला ते जाणवतही नाही.

> चूक: डोकं स्थिर ठेवून फक्त डोळे इकडे-तिकडे फिरवण्याचे व्हिडिओ बरेच आहेत. आतला कान कमजोर असेल तर नुसत्या त्या व्यायामांनी काही साधत नाही, आणि वर सांगितलेल्या सूचनाही त्यांच्याविरुद्धच आहेत. डोकं हललंच पाहिजे.

## टप्पा ५: उभं राहून तोल

तोलाला तीन खांब असतात: डोळे, पायांची जाणीव आणि आतला कान. कान अधू झाला की माणूस डोळ्यांवर विसंबतो, जमिनीकडे बघत चालतो. व्यायामात बाकीचे खांब एकेक करून काढून घ्यायचे, म्हणजे कानाला पुन्हा भार उचलावा लागतो.

कोपऱ्यात उभे राहा, समोर खुर्ची. प्रत्येक पायरी ३० सेकंद:

१. पाय जुळवून, डोळे उघडे
२. पाय जुळवून, डोळे मिटून
३. एक पाऊल अर्धं पुढे, मग टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावून, डोळे उघडे
४. फोमच्या जाड तुकड्यावर किंवा घट्ट उशीवर, पाय जुळवून, डोळे उघडे
५. तिथेच डोळे मिटून

पाचवी पायरी खऱ्या अर्थाने कानाची परीक्षा आहे. डोळे मिटलेले, पायाखाली मऊ, उरतो फक्त कान. दोन्ही कान निकामी असतील तर ही पायरी कधीच जमणार नाही, त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका. तिथे डोळे आणि पाय अधिक तल्लख करणं हाच उद्देश असतो.

एखाद्या पायरीवर लागोपाठ तीनदा ३० सेकंद हात न टेकवता जमलं की पुढची. रोज एकूण २० मिनिटं, किमान ४ ते ६ आठवडे. दोन्ही कानांचा त्रास असेल तर ६ ते ९.

> सावध: डोळे मिटून करताना पहिल्या आठवड्यात घरात कुणीतरी जवळ असावं. त्यांनी हात धरायचा नाही, हातभर अंतरावर उभं राहायचं. सतत धरलेल्या हातावर तोल सोपवला जातो आणि व्यायाम वाया जातो. खुर्चीच्या पाठीवर बोट टेकवणंही तसंच: गरज पडली तर टेकवा, नाहीतर हात वर.

## टप्पा ६: चालणं

चालण्याचा व्यायाम लोक फक्त "फिरायला जातो" एवढ्यावर सोडतात. सरळ चालणं चांगलंच, पण ते पुरत नाही.

मोकळ्या पट्ट्यात, भिंतीलगत: तीन पावलं चालत मान उजवीकडे, पुढची तीन पावलं मान डावीकडे. मग वर-खाली. मग चालता-चालता अर्धवर्तुळात वळण. मग वेग कमी-जास्त. हे जमलं की चालताना शंभरातून सात-सात वजा करत जा. डोकं दुसरीकडे गुंतल्यावरही पावलं सरळ पडली, म्हणजे तोल अंगवळणी पडायला लागला.

नजर जमिनीवर नको. समोर डोळ्यांच्या उंचीवर एखादी खूण धरा.

## टप्पा ७: ठराविक हालचालींची सवय

काहींना वाकून वस्तू उचलली की होतं, काहींना झटकन मागे वळून बघितलं की, काहींना मोबाईलच्या पडद्यावर मजकूर सरकला की. अशा हालचालींची यादी करा आणि प्रत्येकीला ० ते १० आकडा द्या. ३ ते ६ च्या मधल्या तीन-चारच हालचाली निवडा. ८–९ वाल्या आत्ता नकोत. प्रत्येक हालचाल ३ ते ५ वेळा करा, दोन वेळांच्या मधे चक्कर बसू द्या, दिवसातून दोनदा. आकडा १ वर आला की ती यादीतून काढा, नवी घ्या.

गर्दीच्या दृश्याने त्रास होणाऱ्यांनी आणि पीपीपीडीच्या रुग्णांनी इथे फार सावकाश चालावं. दुकानाच्या लांबच लांब रांगांचा किंवा चालत्या गर्दीचा व्हिडिओ, सुरुवातीला ३० सेकंद, बसून, छोट्या पडद्यावर. त्यांच्या बाबतीत मात्रा जरा जास्त झाली की दोन-तीन दिवस वाया जातात, आणि दर वेळी मनातली भीती अधिक घट्ट होते. मी त्यांना नेहमी सांगते: "आणखी थोडं जमलं असतं" असं वाटेल तिथेच थांबा.

## कोणासाठी काय बदलायचं

मेनिएर्स: झटका चालू असताना व्यायाम नको, पडून राहा. झटके वरचेवर येत असतील तर कानाची अवस्थाच रोज बदलते, मेंदू कशाशी जुळवून घेणार? आधी झटके आटोक्यात, मग दोन झटक्यांच्या मधल्या काळात राहिलेली अस्थिरता घालवायला व्यायाम.

व्हेस्टिब्युलर मायग्रेन: झोप, जेवणाच्या वेळा आणि औषध यांनी मायग्रेन ताब्यात आणा. त्याआधी नजरेचे व्यायाम जोरात सुरू केले तर डोकेदुखी उसळते. सुरुवातीचा वेळ निम्मा ठेवा.

दोन्ही कान कमजोर: रात्री जिना, न्हाणीघर आणि पलंगाची वाट यांवर दिवा असू द्या. पाण्याखाली एकट्याने कधीही जाऊ नका. वर कुठे आणि खाली कुठे हे डोळ्यांशिवाय कळत नाही आणि माणूस उलट्या दिशेला पोहतो.

वयस्क मंडळी: वयामुळे व्यायामाचा फायदा कमी होतो असं नाही. पडण्याचा धोका मात्र जास्त, म्हणून पाचव्या टप्प्यातला डोळे मिटायचा भाग प्रत्यक्ष तज्ज्ञांसमोर सुरू करा.

## टप्पा ८: वही वाचा आणि पुढचं ठरवा

आठवड्यातून एकदा वही उघडा. तीन आकड्यांपैकी तिसरा, म्हणजे पूर्ववत व्हायला लागलेली मिनिटं, सर्वांत आधी कमी होतो. चक्कर अजून येतेय पण पंधराऐवजी चार मिनिटांत बसतेय, ही प्रगतीच आहे. बरेच जण नेमके या वळणावर "काहीच फरक नाही" म्हणून सोडून देतात.

चार-सहा आठवडे रोज, योग्य वेगाने करूनही तिन्ही आकडे जिथल्या तिथे असतील तर व्यायाम वाढवू नका, निदान पुन्हा तपासा. खडे राहून गेले असतील, मायग्रेन असेल, दाबणारी गोळी चालूच असेल.

गाडी चालवणं वेगळं तपासा. थांबलेल्या गाडीत बसून मान झटकन दोन्ही खांद्यांवर वळवा आणि लगेच समोरची लांबची पाटी वाचा. अक्षरं स्थिर व्हायला वेळ लागत असेल तर अजून स्टिअरिंग हातात घेऊ नका. चाचणी पास झाली तरी डॉक्टरांचा होकार घ्या, आणि अचानक येणारे झटके चालू असतील तर ही चाचणी पुरेशी नाही.

बरं झाल्यावरही ताप, जागरण, लांबचा प्रवास किंवा ताणाच्या दिवसांनंतर जुनी अस्थिरता डोकं वर काढते. दुखणं परत आलं असं समजून लोक खचतात. गरगर नवी नसेल, ऐकू येणं नेहमीसारखं असेल आणि वर दिलेलं धोक्याचं एकही लक्षण नसेल, तर वहीत मागे जा, शेवटचा आकडा पाच मिनिटांवर आला होता ते पान काढा आणि त्या दिवशीचा व्यायाम आजपासून सुरू करा.